फुगा फोडायचा राहिला

संपादकांचा फोन आला. “जळालेली नाट्यगृहं हल्ली संगणकावर जशीच्या तशी उभी करतात म्हणे. केशवरावांचं जमेल का, बघून या.” कराडहून कोल्हापूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पेठ नाका, किणीचा टोलनाका मागे पडेपर्यंत मी एकच गोष्ट आठवत होतो. कॉलेजात असताना तिथे शेवटच्या रांगेत बसून नाटक पाहिलं होतं. नट आठवले, चहा आठवला. भिंतींचा रंग काही केल्या आठवेना.

इतिहास थोडक्यात असा. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदानाला लागून उभारलेलं ‘पॅलेस थिएटर’ 1915 साली सुरू झालं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ‘ललितकलादर्श’चे केशवराव 1921 मध्ये बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ गाजवून त्याच वर्षी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. त्यांची जयंती 9 ऑगस्टची. नाट्यगृह पेटलं ते 8 ऑगस्ट 2024च्या रात्री.

संगणकाचं काम ऐकायला सोपं वाटतं. तिपाईवरचा लेझर स्कॅनर स्वतःभोवती फिरत सेकंदाला लाखो बिंदू टिपतो आणि उरलेल्या भिंतींचं माप मिलिमीटरमध्ये देतो. जे उरलं नाही त्यासाठी जुने फोटो. फोटोतल्या एखाद्या दाराची खरी उंची ठाऊक असेल, तर त्यावरून शेजारच्या खांबाची, कठड्याची काढता येते. डोळ्यांपुरतं नाट्यगृह असं परत मिळतं.

पण मी अडकलो कानांपाशी. 1915 साली माइक नव्हता. पायपेटी, तबला आणि नटाचा गळा एवढ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवायचं, म्हणजे निम्मं गाणं वास्तूलाच गावं लागे.

वास्तू किती गाते हे मोजण्याची युक्ती कोल्हापूरच्या या थिएटरहून वीसच वर्षांनी थोरली. हार्वर्डचे प्राध्यापक वॉलेस सॅबिन 1895 पासून रात्री-बेरात्री एका व्याख्यानगृहात ऑर्गनची नळी वाजवून थांबवत आणि आवाज विरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहत. रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद लागले. मग शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून एकेक मांडत गेले, तसतसा घुमारा आटला. हिशेब साधा निघाला: खोलीचं आकारमान वाढलं की आवाज रेंगाळतो, आवाज पिणारे पृष्ठभाग वाढले की विरतो. लाकूड, चुना, पडदा आणि माणूस, प्रत्येकाची तहान वेगळी. दाटीवाटीनं बसलेला प्रेक्षक तर सगळ्यात तहानलेला.

इथून अडचणींची रांग लागते. संगणकाला प्रत्येक पृष्ठभागाची तहान सांगावी लागते, आणि कृष्णधवल फोटोत गिलावा नुसता पांढरा दिसतो. तो चुन्याचा की सिमेंटचा, जाड की पातळ, हे फोटो सांगत नाही. शिवाय आगीत गेलं ते 1915चं सभागृह नव्हतंच. मधल्या काळात नूतनीकरणं झाली, ध्वनियंत्रणा आली. दरवेळी जुनं थोडं थोडं, टाळ्यांच्या गजरात, उद्घाटनाची फीत कापून गेलं. मग संगणकावर उभं करायचं ते कोणत्या साली पडदा उघडलेलं? शाहू महाराजांचं, की माझ्या शेवटच्या रांगेचं? आणि प्रत्यक्ष बांधताना आगीला दाद न देणारं साहित्य वापरायचं, तर त्याची तहान जुन्या सागवानासारखी कशी असेल?

व्हेनिसचं ‘ला फेनिचे’ हे ऑपेरागृह जानेवारी 1996 मध्ये जळालं. नशीब असं, की आगीच्या दोनच महिने आधी तिथल्या ध्वनीची मोजणी झाली होती. 2003 मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा जुना आवाज कसा होता याची नोंद तरी हाताशी होती.

ती मोजणी करायला आज महागडी यंत्रंच लागतात असं नाही. रिकाम्या सभागृहात रंगमंचावर एक फुगा फोडायचा आणि मागच्या रांगेत तो आवाज नीट रेकॉर्ड करायचा. वास्तू कशी घुमते याचा बराचसा ठसा तेवढ्यात उमटतो. बरोबर एक फोटो, एक तारीख.

परतताना कराडात शिरल्यावर आधी घरी गेलो नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून फुग्यांचं पाकीट घेतलं. टाऊन हॉलच्या राखणदाराला उद्या काय सांगायचं, ते मात्र अजून सुचलेलं नाही.