गाठोडी आणि लेकराचा हात

प्रवासास निघताना मनुष्य जेवढे ओझे नेतो त्याच्या दुप्पट ओझे तो परत आणतो, हा आमचा जुना अनुभव आहे. मागील वर्षी तो पुन्हा आला. आमच्या धर्मग्रामातील एका घरी नाताळानंतर लग्न ठरले होते. नवऱ्या मुलाचे मामा हैदराबादेस राहतात. तेव्हा बस्ता तिकडेच बांधावा असे ठरले आणि सात-आठ माणसे निघाली. आम्हांसही त्या शहरी थोडे काम होते, म्हणून आम्हीही त्यांच्यासोबत गेलो. आमच्याजवळ एक लहान पिशवी होती. तिचा आम्हांस थोडा अभिमानही वाटत होता, हे येथेच कबूल करतो. तो पुढे कसा उतरला, हे सांगूच.

बस्ता बांधला गेला तो सुलतान बाजारात. या पेठेचा इतिहास मोठा मौजेचा आहे. जवळच ब्रिटिश रेसिडेंटाचा भव्य वाडा आहे. जेम्स किर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधविला. वाड्याच्या आश्रयाने जी बाजारपेठ वाढली तिला रेसिडेन्सी बाजार म्हणत, आणि तेथे निजामाचा नव्हे, तर इंग्रजांचा अंमल चाले. 1933 साली ती पेठ निजामाकडे परत आली आणि तिचे नाव सुलतान बाजार झाले. आज त्या चिंचोळ्या रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो रेल्वे धावते आणि खाली साड्या, कापड व शोभेच्या वस्तू यांची दाटी असते. दुकानदार बोलावतो, भाव उतरवितो, आणि घेणाऱ्यास वाटते, ‘एवढ्या स्वस्तात पुन्हा कोठे मिळणार?’ लग्नाच्या पाच साड्या ठरल्या होत्या, त्या अकरा झाल्या. पडदे, चादरी, प्लॅस्टिकची फुले आणि कोणास द्यावयाचे हे न ठरलेले आहेर, अशी गाठोड्यांवर गाठोडी बांधली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडळींना पुरानी हवेली दाखविण्यास नेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान, जे 1911 साली वारले, त्यांचे कपड्यांचे दालन तेथे आहे. लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंस दोन मजली लाकडी कपाटे, आणि वरच्या कपाटांपर्यंत पोचण्यासाठी हाताने चालविण्याचा लाकडी पाळणा! एकदा अंगावर घातलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत, असे सांगतात. याच निजामांनी ‘जेकब’ नावाचा प्रचंड हिरा विकत घेतला होता. त्यांच्या मृत्यूनंतर तो त्यांच्या एका जोड्याच्या टोकात सापडला आणि त्यांच्या पुत्राने, सातव्या निजामांनी, कागदांवर ठेवावयाचे वजन म्हणून तो वापरला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. 1995 साली भारत सरकारने निजामांचे 173 दागिने 218 कोटी रुपयांस घेतले, त्यांत हा हिराही आहे. आमच्यातील एक म्हातारे गृहस्थ त्या कपाटांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “फादर, एवढी कपाटं, पण घालणारा एकच माणूस होता ना?” आम्हांस त्यावर अधिक काही बोलण्याची गरज वाटली नाही.

त्याच संध्याकाळी काचीगुडा स्थानकावर जे घडले ते मात्र आम्ही विसरणार नाही. फलाट माणसांनी भरलेला होता. मंडळीतील एका तरुण आईच्या दोन्ही हातांत गाठोडी होती. काखेतही एक होते. तिने आपल्या पाच वर्षांच्या मुलास सांगितले, “माझा पदर धर.” मुलाने पदर धरला, पण गर्दीच्या एका लोंढ्यात तो सुटला. आईने मागे वळून पाहिले तो मूल नाही! गाठोडी जेथल्या तेथे टाकून सारेजण धावले. कोणी जिन्याकडे गेले, कोणी चौकशीच्या खिडकीकडे. वीस मिनिटांनी चहाच्या एका टपरीजवळ ते लेकरू सापडले. एका हमालाने त्याला आपल्या गाडीवर बसवून ठेवले होते. प्रभूची कृपा! त्या वीस मिनिटांत फलाटावरच्या गाठोड्यांकडे आमच्यापैकी एकानेही पाहिले नाही. गाडीत बसल्यावर ती आई मुलास छातीशी घट्ट धरून एवढेच म्हणाली, “हात मोकळा असता तर मी त्याचा हातच धरला असता.”

वाचकहो, साऱ्या लेखाचे सार या एका वाक्यात आहे. वस्तू वाईट नव्हेत. पण हात भरलेले असले की ज्याला धरावयाचे तो निसटतो.

परत आल्यावर त्या बाईने सामान लावण्यास माजघर उघडले. सामानास जागा नव्हती. पूर्वीच्या लग्नांतले आहेराचे डबे, न वापरलेली ताटे, दोन बिघडलेले पंखे, फाटक्या गाद्या आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या ट्रंका यांनी ती खोली भरली होती. आणि तिची वृद्ध सासू? ती ओसरीवर, गोणपाट लावून, थंडीत निजत असे. का, तर आत बाज टाकण्यास जागा नाही! घरात डब्यांना छप्पर होते, पण ज्या माउलीने ते घर उभे केले तिला नव्हते.

त्या आठवड्यात खोली रिकामी झाली व बाज आत आली. एक तांब्याचा हंडा मोडीत द्यावयाचा ठरला होता. तेव्हा सासू हळूच म्हणाली, “पोरी, तो हंडा माझ्या आईचा आहे. माझे डोळे मिटले म्हणजे काय ते कर.” सुनेने हंडा घासून त्यात पिण्याचे पाणी भरले. आम्हांस हे फार आवडले. पसारा काढणे म्हणजे आठवणी फेकणे नव्हे.

आता आमची स्वतःची गोष्ट. ही हकीकत ऐकून आम्ही आमच्या निवासामागील कोठार उघडले. गोरगरिबांसाठी कोणी एका भल्या माणसाने दिलेली घोंगडी तेथे कुलपात होती. ‘पुढे अधिक गरज पडेल’ म्हणून आम्ही ती राखून ठेवली होती. उंदरांनी त्यांतील बहुतेकांची चाळण केली होती. कसर व गंज यांविषयी प्रभूने डोंगरावरील प्रवचनात जो इशारा दिला, त्यावर आम्ही वेदीवरून किती वेळा बोललो असू! संत बासिल यांनी चौथ्या शतकातच शिकविले की, पेटीत पडून असलेला अंगरखा खरे पाहता उघड्या माणसाचा आहे. मागच्या हिवाळ्यात कोणाचे तरी अंग आमच्या कुलपामुळे उघडे राहिले. हातातल्या लहान पिशवीचा आमचा अभिमान त्या दिवशी गळाला.

प्रभूने आपल्या शिष्यांस वाटेवर पाठविताना भाकर, झोळी व पैसा बरोबर घेऊ नये, असे सांगितले. संत फ्रान्सिस झेवियर 1541 साली लिस्बनहून भारताकडे निघाले तेव्हा राजाच्या अधिकाऱ्यांनी देऊ केलेली सुखसामग्री व सेवक त्यांनी नाकारले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या आपल्या विश्वपत्रात शिकविले की, थोडक्यात समाधान मानणारे जीवन मनुष्यास मुक्त करते. अलीकडे जपानच्या मारी कोंडो या बाईंची घर आवरण्याची रीत जगभर गाजली. वस्तू हाती घेऊन ती आनंद देते का, हे मनास विचारावे, असे त्या सांगतात. प्रश्न चांगला आहे. ख्रिस्ती घराने त्यास एक प्रश्न जोडावा: ही वस्तू माझ्यापेक्षा अधिक कोणास हवी आहे?

ज्यांच्या घरी मुळातच दोन भांडी आहेत त्यांना हा उपदेश नाही. त्यांच्यासाठीच इतरांनी हात मोकळा करावयाचा आहे. बाकीच्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

एका वेळी एकच पेटी उघडावी. दुसऱ्याची वस्तू त्यास विचारल्यावाचून काढू नये. द्यावयाचे ते धुऊन, शिवून, नीट करून द्यावे. आपला कचरा गरिबाच्या दारी नेणे हे दान नव्हे. रिकाम्या झालेल्या जागी नवे सामान आणू नये. आणि लग्नकार्याची मोठी भांडी प्रत्येकाने घेण्यापेक्षा गावाने मिळून एकच संच ठेवावा. याच सुलतान बाजारात 1901 पासून श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय आहे. एकाने घरी ठेवलेले पुस्तक एकजण वाचतो. तेथील एक पुस्तक किती पिढ्या वाचतात! पातेल्यांसही हाच न्याय लागू आहे.

आमच्या धर्मग्रामात या आगमनकाळी असा संच जमू लागला आहे. पहिली दोन मोठी पातेली त्या फलाटावरच्या आईने दिली. ती स्वतः डोक्यावर घेऊन आली होती. मूल शेजारून चालत होते, आणि तिचा एक हात त्याच्या हातात होता.