दोन इंधनांची मोटार आणि सार्वजनिक चार्जिंग केंद्र

वाराणसीच्या पंचगंगा घाटापर्यंत मोटार जात नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेल्या बिंदुमाधवाच्या मंदिराकडे निघालेल्या महाराष्ट्रीय यात्रेकरूला मैदागिनच्या बाजूस गाडी सोडून अरुंद गल्ल्यांतून पायीच जावे लागते. स्नान, दर्शन आणि आलमगीर मशिदीखालच्या उंच पायऱ्यांवर घटकाभर विसावा, यांत तीन-चार तास सहज निघून जातात. गाडी पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी, म्हणजे ‘प्लग-इन हायब्रिड’ असेल आणि वाहनतळावर चार्जिंगची सोय असेल, तर हा वेळ तिच्या कामी येतो.

अशा मोटारीची बॅटरी लहान असते. समजा, तिची क्षमता १२ युनिटांची आहे. ३.३ किलोवॅटच्या साध्या केंद्रावर ती रिकामी असताना जोडली, तर भरण्यास सुमारे चार तास लागतील. केंद्रातून येणारा प्रत्यावर्ती प्रवाह बॅटरीत साठविता येत नाही. तो एकदिश करण्याचे काम गाडीतील चार्जर करतो. या कामी काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, म्हणून मीटरवरील आकडा बॅटरीत पडलेल्या विजेहून थोडा अधिक दिसतो. साध्या केंद्रावर भरण्याची गती ठरते ती केंद्र आणि गाडीतील चार्जर यांपैकी जो दुबळा असेल त्याच्यावर. बहुतेक हायब्रिड गाड्यांत जलद केंद्रांचा एकदिश प्रवाह थेट घेण्याची सोयच नसते. तेव्हा मोठा खांब पाहून तेथे रांग लावण्यात काही अर्थ नाही.

दरांतील तफावतीने पुष्कळजण गोंधळतात. वाहन चार्ज करणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्पष्ट केले; त्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. ग्राहकाकडून घेतल्या जाणाऱ्या रकमेत केवळ विजेचेच नव्हे, तर सेवेचेही मोल असते. म्हणून केबल जोडण्यापूर्वी दर वाचून घ्यावा आणि बॅटरी भरल्यावरही गाडी जागेवर राहिल्यास आकार पडतो काय, हेही पाहावे.

खरा प्रश्न येथेच उद्भवतो. चार तासांत बॅटरी भरली. मालक मात्र सायंकाळच्या आरतीसाठी घाटावरच रेंगाळला. दरम्यान केवळ विजेवर चालणारी गाडी आली, तर तिला पुढे जाण्याचा दुसरा मार्ग नाही. हायब्रिडला मात्र पेट्रोलचा आधार आहे. परत येण्यास उशीर होणार असेल, तर एकच मोकळा खांब अडवून ठेवू नये, असे आम्हांस वाटते. नियमांत हे लिहिलेले असो वा नसो.

विजेचा उपयोग कोठे करावा, हेही समजून घेतले पाहिजे. पुष्कळ गाड्यांत बॅटरी राखून ठेवण्याचे बटण असते. महामार्गावरील एकसारख्या वेगात पेट्रोलचे इंजिन बऱ्यापैकी कार्यक्षम असते. गर्दीत थांबत-थांबत चालताना ते इंधन वाया घालविते. विजेचा मोटर मात्र थांबल्यावर काहीच खर्च करीत नाही, आणि ब्रेक लावताना थोडी वीज परतही मिळविते. म्हणून महामार्गावर इंजिन चालवून बॅटरी शहरासाठी राखावी; मैदागिनच्या गर्दीतून बाहेर पडताना तीच खर्चावी.