सहकाऱ्यांची वाढ : हिवरे बाजारचा धडा

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी बदली होणे म्हणजे शिक्षा, असे सरकारी नोकरांस एके काळी वाटत असे. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. शेती पिकेना, दारू वाढली, अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडली. १९८९ साली श्री. पोपटराव पवार हे उच्चशिक्षित तरुण बिनविरोध सरपंच झाले. पुढे गावाचा जो कायापालट झाला तो सर्वश्रुत आहे. २०२० साली श्री. पवार यांस पद्मश्री जाहीर झाली. येथे विचार करावयाचा तो एवढाच की, पुढाऱ्याच्या हाताखाली माणसे वाढतात ती कशाने?

सर्व कामे स्वतःच उरकणारा पुढारी कार्यक्षम दिसतो खरा. परंतु त्याच्या भोवतालची माणसे सांगकामी राहतात. हिवरे बाजार येथे चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व श्रमदान ही बंधने ग्रामसभेपुढे आली. चराईबंदीत गुरे पाळणाऱ्याचे आजचे नुकसान असते, गवताचा लाभ मात्र पुढे केव्हातरी. असे बंधन नुसत्या हुकुमाने टिकत नाही. ज्याने ग्रामसभेत स्वतः हात वर केला, तो डोंगराची राखणही करतो.

याहून मोलाची गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची आहे. गावचा पाऊस बेताचा, सरासरीने सुमारे ४०० मिलिमीटर. पडलेला पाऊस व विहिरींतील पाण्याची पातळी मोजून वर्षाचे पाणी किती, याचा हिशेब मांडला जातो आणि कोणती पिके घ्यावीत हे ग्रामसभेत ठरते. ऊस व केळी यांसारख्या पाणीखाऊ पिकांस आणि शेतीसाठी विंधनविहिरींस तेथे मज्जाव आहे. पर्जन्यमापकावरील नोंदी घेण्याच्या कामी शाळेतील मुलांचाही हात असतो. १ हेक्टर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. तेव्हा मोजणीत १ मिलिमीटरची चूक झाली तर हिशेबात सुमारे ९८ लाख लिटरांचा फरक पडतो. (हे गणित पाचवीच्या वर्गात अवश्य घालावे.) आपल्या आकड्यावर गावाचे पीक अवलंबून आहे, हे कळलेले मूल नोंद जपून घेते; त्यास निराळा उपदेश करावा लागत नाही.

एक शंका मात्र उरते. १९८९ पासून गावाच्या कारभारात एकच नाव अग्रभागी आहे. मध्यंतरी सरपंचपदी महिला आल्या तेव्हा श्री. पवार उपसरपंच होते. २०२१ साली सुमारे तीस वर्षांनी मतदान झाले, तेव्हाही त्यांच्याच गटास कौल मिळाला. एवढा दीर्घ विश्वास भूषणावह आहे. परंतु त्यांच्या पश्चात ताळेबंद कोण मांडील, हा प्रश्न त्या गावापुढे केव्हातरी येणारच.

आपल्या शाळांपुढे तर तो दर बदलीच्या वेळी येतो. द्विशिक्षकी शाळेत बहुधा सर्व नोंदवह्या मुख्याध्यापकच लिहितो. पोषण आहाराचा हिशेब त्याच्याच हातचा. साहाय्यक शिक्षक केवळ सही करतो. मुख्याध्यापकाची बदली झाली की धान्याची शिल्लक जुळेनाशी होते व नवख्यावर खुलाशाची पाळी येते. दोष नवख्याचा नव्हे.

याकरिता एखादी वही पूर्णपणे साहाय्यकाच्या स्वाधीन करावी. प्रथम एक महिना आपण लिहून दाखवावी, पुढील महिना शेजारी बसावे, नंतर दूर व्हावे. चूक आढळल्यास स्वतः खोडून दुरुस्त करू नये. ती दाखवावी व त्याच्याच हातून दुरुस्त करवून घ्यावी. यात वेळ जातो, आणि पहिले दोन महिने वही अस्वच्छ दिसते. पर्यवेक्षणास आलेल्या अधिकाऱ्यांनीही ते समजून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तो हिशेब ज्याने लिहिला त्यानेच वाचावा. आणि सभासदांनी प्रश्न विचारल्यास मुख्याध्यापकाने मध्येच उत्तर देण्याची घाई करू नये.