पूरक प्रश्न

वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न विचारणे हे आपल्या घरांतून पूर्वापार उद्धटपणाचे लक्षण मानले गेले आहे. राजदरबाराची रीतही याहून फारशी निराळी नव्हती. तेथे प्रजेला विनंती करता येई, गाऱ्हाणे मांडता येई. जाब विचारता येत नसे. अर्ज ऐकावयाचा की नाही हे अर्ज घेणाराच ठरवितो. उत्तर देणे ज्याच्यावर बंधनकारक आहे, अशा सत्ताधीशाला विचारलेल्या प्रश्नाची गोष्ट वेगळी असते, आणि लोकशाहीत महत्त्व आहे ते या बंधनाला.

भारतातील कायदेमंडळांत हे बंधन फार सावकाश आले. १८९२ च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, परंतु मिळालेल्या उत्तरावर पुन्हा काही विचारण्याची सोय नव्हती. उत्तर कितीही पोकळ असले तरी ते ऐकून खाली बसावयाचे, अशी ती व्यवस्था होती. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांनाही, पूरक प्रश्न विचारता येऊ लागले. आज संसदेत तोंडी उत्तरासाठी विचारलेल्या प्रश्नाला तारांकित प्रश्न म्हणतात व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. पहिले उत्तर मंत्र्याच्या हाती कागदावर तयार असते. पूरक प्रश्नांसाठीही अधिकारी टिपणे देतात खरे. पण तो प्रश्न नेमका कोणत्या बाजूने येईल हे त्यांनाही ठाऊक नसते.

अशा पाठपुराव्याने काय घडू शकते हे १९५७ साली दिसून आले. त्याच्या आदल्या वर्षी विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. जून १९५७ मध्ये या महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंध्रांचे व्यवहार त्या वेळी अडचणीत होते, आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला न विचारताच ही खरेदी झाली होती. पैसा अर्थातच विम्याचे हप्ते भरणाऱ्या सामान्य लोकांचा होता. लोकसभेत याविषयी प्रश्न आले तेव्हा प्रारंभी मोघम उत्तरे मिळाली. तरीही प्रश्न थांबले नाहीत. १६ डिसेंबर रोजी फिरोज गांधी यांनी हे सारे प्रकरण सभागृहापुढे तपशीलवार मांडले. ते सत्ताधारी काँग्रेस पक्षाचेच सभासद होते, आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंचे जावई. प्रश्न विचारणे हे केवळ विरोधकांचे काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे एकट्याकडेच ते काम सोपविण्यात आले. त्यांनी चौकशी बंद दाराआड न करता मुंबईत उघडपणे केली. ऐकावयास येणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी व अर्थसचिव एच. एम. पटेल या दोघांनाही साक्ष द्यावी लागली. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असा निष्कर्ष छागलांनी काढला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. पहिल्या मोघम उत्तरावर सभागृहाने समाधान मानले असते, तर यातले काहीच बाहेर आले नसते.

सभागृहातील प्रश्न बाहेर ऐकू जाण्याचीही व्यवस्था असावी लागते. संसदेत बोललेले शब्द छापल्याबद्दल वृत्तपत्रांवर बदनामीचा दावा होऊ शकत असे; सभासदाला असलेले संरक्षण संपादकाला नव्हते. फिरोज गांधींनीच मांडलेल्या खासगी विधेयकावरून १९५६ मध्ये कायदा झाला, आणि संसदेच्या कामकाजाचा खरा व निर्मत्सर वृत्तांत छापणाऱ्यांना अभय मिळाले. १९६० साली ते निवर्तले. पुढे आणीबाणीत त्यांच्या पत्नी इंदिरा गांधी यांच्या सरकारने हा कायदा रद्द केला. १९७७ मध्ये तो पुन्हा करण्यात आला, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण थेट संविधानातच नोंदविण्यात आले.