पाणी मागणारी भुतं

भुताच्या कादंबरीत उंटाचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हटलं होतं. टेया ओब्रेट या लेखिकेची 'इनलँड' ही इंग्रजी कादंबरी २०१९ साली प्रसिद्ध झाली. मी ती वाचायला घेतली ती खरं म्हणजे उंटांच्या कुतूहलापोटी. भुतं आहेत हे कळलं असतं तर कदाचित बाजूला ठेवली असती. या वयात भुतांची भीती वाटत नाही आणि गंमतही वाटत नाही!

उंटांची हकीकत मात्र अस्सल ऐतिहासिक आहे. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडचा मुलूख नुकताच हाती आलेला, रेल्वे नाही, मैलोन् मैल पाणी नाही. लष्करी सामान वाहायला खेचरं अपुरी पडत. तेव्हा जेफर्सन डेव्हिस या युद्धमंत्र्यानं उंटांचा प्रयोग सुचवला आणि १८५५ साली अमेरिकन काँग्रेसनं त्यासाठी ३० हजार डॉलर मंजूर केले. जहाज भूमध्य समुद्राकडे गेलं आणि १८५६ च्या मे महिन्यात ३४ उंट टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले. पुढच्या वर्षी आणखी ४१ आले. त्यांच्याबरोबर तुर्की अमलाखालच्या मुलखातले काही उंटवालेही होते. त्यातला हादजी अली अमेरिकन जिभेवर 'हाय जॉली' झाला. १९०२ साली तो ॲरिझोनात वारला. क्वार्टझसाइट गावात त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट.

उंटांनी काम चोख केलं. पण घोडी आणि खेचरं त्यांना बुजत, शिपायांना त्यांचा वास सोसत नसे, आणि १८६१ साली यादवी युद्ध पेटलं. डेव्हिस तर बंडखोर दक्षिणेचा अध्यक्षच झाला. त्याच्या लाडक्या प्रयोगाला वाली उरला नाही. उंट लिलावात गेले, काही वाळवंटात सुटले.

अशाच एका उंटाची ॲरिझोनात दंतकथा झाली. १८८३ साली एका एकाकी घरातली बाई झऱ्यावर पाणी आणायला गेली, ती तुडवून मारलेली सापडली. दुसरीनं खिडकीतून पाहिलं होतं : लाल रंगाचं धिप्पाड जनावर आणि त्याच्या पाठीवर सैतानासारखं काहीतरी. पुढे लोक सांगू लागले की, पाठीवर मेलेला माणूस बांधलेला आहे. नाव पडलं 'लाल भूत'. १८९३ साली एका शेतकऱ्यानं ते जनावर गोळी घालून मारलं, तेव्हा तो उंट निघाला, अंगावर चामडी पट्ट्यांचे वळ असलेला. यात खरं किती आणि सांगोवांगी किती, ते आपण सोडून देऊ. कादंबरीला एवढं पुरतं.

कादंबरीतही साल १८९३ च. ॲरिझोना तेव्हा राज्यही नव्हतं, ते झालं १९१२ साली. दुष्काळ आहे. नोरा नावाच्या सदतीस वर्षांच्या बाईचा नवरा पाण्याच्या शोधात गेलाय तो परतलेला नाही. मोठे दोघे मुलगेही घरातून निघून गेलेत. घरात धाकटा टोबी आणि नवऱ्याच्या नात्यातली जोसी. नोराची सारी कहाणी या एका दिवसात घडते. घरातलं पाणी संपत आलंय, आणि ही बाई स्वतःचा घोट दुसऱ्यांसाठी राखून ठेवते. वाचताना माझ्याच घशाला कोरड पडली. दोनदा उठून पाणी प्यालो.

नोरा दिवसभर एकीशी बोलत असते. ती तिची मुलगी, एव्हलिन. तान्हेपणी उष्माघातानं गेलेली. पण तिचं भूत तान्हं राहिलेलं नाही, ते वाढत वाढत तरुण मुलगी झालंय. आईला टोमणे मारतं, सल्ला देतं. माझ्या आत्याची एक मुलगी दोन वर्षांची असताना गेली. आत्या पुढे कितीतरी वर्षं, भांडी घासता घासता, कुणाला उद्देशून नाही अशी म्हणायची, "आज असती तर दहावीला असती." पुढे "लग्नाची असती." आम्ही मुलं ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. त्या मुलीचं वय आत्यानं कधी थांबू दिलं नाही, हे मला 'इनलँड' वाचेपर्यंत उमगलं नव्हतं.

जोसी मृतांशी संवाद साधते. आपल्याकडे प्लँचेट करतात त्यातलाच प्रकार. हे लेखिकेनं हवेतून आणलेलं नाही. १८४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या फॉक्स भगिनींपासून हे वेड पसरलं, आणि यादवी युद्धात सहा लाखांवर माणसं गेल्यावर घरोघरी शिरलं. लिंकनचा मुलगा विली १८६२ साली गेला, तेव्हा मेरी लिंकनही अशा बैठकांत बसली. नोराचा मात्र जोसीवर विश्वास नाही. टोबीनं पाहिलेल्या अजस्र जनावरावरही नाही. स्वतः मेलेल्या मुलीशी बोलणारी बाई दुसऱ्यांची भुतं खोटी ठरवते! हे मला फार खरं वाटलं.

दुसरी कहाणी लूरी या फरारी माणसाची. बाल्कनमधून लहानपणी आलेला, खुनाचा डाग लागलेला, उंटांच्या तांड्यात लपलेला. बर्क हा त्याचा उंट. सारी गोष्ट तो त्यालाच सांगतो. लूरीला मृत माणसं दिसतात. ती त्याला घाबरवत नाहीत. त्यांचा स्पर्श झाला की त्यांची राहून गेलेली इच्छा त्याला चिकटते. चोरटा हॉब मरतो आणि लूरीचे हात बारीकसारीक वस्तू उचलू लागतात. कावळा पिंडाला शिवला नाही की 'इच्छा राहिली' म्हणणाऱ्या आपल्याला हे समजावून द्यायला नको.

डोनोव्हन मरतो तो तहान मागे ठेवून. तेव्हापासून लूरी आपलं पाण्याचं डबडं कधी पूर्ण रिकामं होऊ देत नाही. लागेल त्या नदीचं, झऱ्याचं पाणी त्यात भरत जातो, जुन्यात नवं मिसळत. आणि नोराच्या घरातलं पाणी तर तळाला गेलेलं. उंट तिच्या अंगणापर्यंत कसा येतो आणि त्या डबड्याचं काय होतं, ते मी सांगणार नाही.