गाळ कोणी काढायचा?

पावसाचे पाणी गटाराच्या जाळीतून खाली गेले की आपण त्याला विसरतो. पण ते पुढे जाते कोठे? आणि जाताना बरोबर काय काय नेते?

प्रथम थोडे गणित करू. एका दुकानापुढे १००० चौरस मीटरचे डांबरी वाहनतळ आहे. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे २५ घनमीटर किंवा २५,००० लिटर पाणी झाले. मोकळ्या जमिनीत यातले पुष्कळसे मुरले असते. डांबरावरून मात्र ते जवळजवळ सगळेच वाहते, आणि माती, तेल व टायरांची झिजलेली पूड घेऊन जवळच्या ओढ्यात शिरते.

अमेरिकेत १९७२ साली जलप्रदूषणाविरुद्ध मोठा कायदा झाला. १९८७ साली त्यात दुरुस्ती होऊन शहरांतून वाहणारे पावसाचे पाणीही त्याच्या कक्षेत आले. त्यामुळे नवी दुकाने, कारखाने, वसाहती बांधणाऱ्यांना आपल्याच हद्दीत या पाण्याची व्यवस्था करावी लागते. कोणी तळे खोदतो, कोणी झाडे लावलेला पाझरखड्डा करतो. जाळीखाली गाळ साचण्यासाठी खोल चेंबर बांधलेले असते. ही मालमत्ता खाजगी. तिची निगाही मालकानेच राखायची.

चेंबरचे काम कसे चालते? बाहेर जाणारा नळ तळापासून बराच वर असतो. पाणी आत येऊन संथ होते आणि जड कण तळाशी बसतात. काचेच्या बरणीत मूठभर माती पाण्यात ढवळून पाहा. वाळू काही सेकंदांत खाली बसते. बारीक माती तासन्‌तास तरंगते. अगदी सूक्ष्म कणांच्या बाबतीत कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा बुडण्याचा वेग चौपटीने कमी होतो. म्हणून पाण्याला थांबायला जागा हवी. चेंबर गाळाने भरत आले की ही जागा उरत नाही. मग जोराच्या पावसात नवा गाळ तर थेट पुढे जातोच, पण आधी बसलेलाही उचलला जातो. वरून पाहणाऱ्याला मात्र जाळी जशीच्या तशी दिसते!

खरी अडचण येथेच आहे. बांधणारा निघून जातो, इमारत विकली जाते, आणि कुंपणातला तो खड्डा कशासाठी आहे हे नव्या मालकाला ठाऊकही नसते. यावर उपाय म्हणून अनेक शहरे देखभालीची अट जमिनीच्या कागदपत्रांतच नोंदवून घेतात.

सिॲटल हे वॉशिंग्टन राज्यातील शहर. या राज्याच्या पश्चिम भागातील शहरांना खाजगी सोयींची तपासणी करावी लागते. तपासनीस चेंबरमध्ये काठी घालून गाळ मोजतो. तळापासून नळाच्या तोंडापर्यंतच्या खोलीपैकी ६० टक्क्यांहून अधिक भाग गाळाने भरला असेल, तर सफाई आवश्यक ठरते. खोली ५० सेंटिमीटर असेल, तर मर्यादा ३० सेंटिमीटरची. चेंबरसाठी सहा महिने, तळ्यासाठी एक वर्ष अशी मुदत नियमांतच ठरलेली आहे. आधी पत्र, मग नोटीस, आणि तरीही काम झाले नाही तर दंड, असा साधारण क्रम असतो.

“माझ्या जागेतील खड्ड्याशी शहराचा काय संबंध?” असे एखादा मालक विचारील. त्याचे उत्तर ओढ्यातले मासे देतात. कोहो जातीचे सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी गोड्या पाण्यात परततात. सिॲटलच्या लाँगफेलो ओढ्यात काही वर्षी निम्म्याहून अधिक माद्या अंडी घालण्यापूर्वीच मेलेल्या आढळल्या. २०२० साली शास्त्रज्ञांना त्याचे कारण सापडले. ओझोनमुळे टायरांना भेगा पडू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. ओझोनशी संयोग झाल्यावर त्यापासून ६पीपीडी-क्विनोन हा पदार्थ बनतो, आणि तो कोहोला अत्यल्प प्रमाणातही मारक ठरतो. आशेची गोष्ट अशी, की रस्त्यावरचे हेच पाणी वाळू आणि कंपोस्ट खताच्या थरांतून गाळून घेतले, तेव्हा त्यात सोडलेले मासे जगले. पाझरखड्ड्यात असेच थर असतात. पण त्यांवर बारीक गाळाची साय धरली, की पाणी झिरपायचे थांबते आणि वरून वाहून जाते.

तेव्हा एका मालकाने काढलेला किंवा न काढलेला गाळ त्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. तुमच्या शाळेच्या छतावरचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोय असेल, तर पावसाळ्यापूर्वी शिक्षकांबरोबर तिची पाहणी करा. तिच्यातला गाळ शेवटचा केव्हा काढला, आणि ते काम कोणाकडे आहे, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चटकन मिळाले नाही, तर पहिल्याचेही बहुधा मिळणार नाही.