न्हाणीघरातले चिकट ओघळ

गणपतीच्या तोंडावर आपण घाईने न्हाणीघराला इमल्शन रंग काढून घेतो. चार दिवसांत भिंतीवर तपकिरी, चिकट ओघळ दिसतात आणि आपण रंगाऱ्याची मजुरी अडवून ठेवतो. पण आधी कारण समजून घेऊ.

या रंगात पॉलिमरचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. त्यांच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून साबणाच्या जातीचा पदार्थ घालतात. भिंतीवरून पाणी उडाले की कण जवळ येतात, दबतात आणि एकजीव होऊन सलग पापुद्रा बनतो. साबण मात्र मागेच राहतो. पॉलिमरशी त्याचे जमले तर तो आत मुरतो. नाही जमले तर कणांमधल्या फटींत साठतो किंवा वर येतो. दमट हवेत रंग सावकाश वाळतो. त्यावर वाफेचे थेंब बसले, की वर आलेला साबण त्यांत विरघळून खाली ओघळतो.

उपाय सोपा आहे. ओघळ दिसताच मऊ फडके साध्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने पुसा. पुन्हा आले तर पुन्हा पुसा. वरचा साबण निघून गेला की ते थांबतात. रंग दिल्यावर काही दिवस खिडकी उघडी ठेवा, तिथे गरम पाण्याने आंघोळ टाळा.

पोपडे सुटत असतील तर ती भिंतीतली ओल. तिथे गळती शोधायला हवी. पण नुसते ओघळ असतील, तर रंगाऱ्याचे पैसे देऊन टाका. हवा पावसाळी होती आणि घाई आपली होती.